सरांचा निर्णय, आमचा निर्णय

मरोळमध्ये मुलांचा खेळ आता बहुतेक जाळीच्या आत चालतो. गावठाणातली अंगणं, चाळींमधली मोकळी जागा, एमआयडीसीतल्या गाळ्यांमागचे पडीक तुकडे एकेक करून इमारतींखाली गेले. उरली ती कृत्रिम गवताची टर्फ, तासाच्या भाड्याने मिळणारी. संध्याकाळी तिथले दिवे लागतात. आत पंधरा-वीस मुलं आणि गळ्यात शिट्टी अडकवलेले सर, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पालक, अधूनमधून विमानांची घरघर. बाहेरचं बोलणं एकाच गोष्टीभोवती फिरतं: आज कुणाला खेळवलं आणि कुणाला बसवलं. फी सगळ्यांकडून सारखी घेतात, मग आमच्याच पोराला बाहेर का? घरी जाताना हा प्रश्न पोरालाच केला, तर बरेचदा उत्तर येतं, ‘नाही, सर बरोबर आहेत.’

या अंकाचा विषय ‘बाजू घेणं’ असा ठरला, तेव्हा तपासून पाहावंसं वाटलं ते हे वाक्य. त्यात थोडी भीती असते, कारण उद्याची टीमही सरच निवडणार. थोडी माया असते. आणि खूपदा माहितीही असते. आज आपण मार्क सोडून पळालो, बॉल हातातून सुटला, हे पोराला ठाऊक असतं आणि जाळीबाहेरून ते दिसलेलं नसतं. मोठ्यांच्या खेळात हेच वाक्य पत्रकार परिषदेत किंवा सहीच्या पत्रात येतं, तेव्हा भीती, माया आणि माहिती यांचा गुंता अधिक घट्ट झालेला असतो. हा गुंता सोडवायला आपल्याकडे एक उत्तम प्रकरण आहे. त्यातले कोच मुंबईचे होते आणि त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्या दोघींपैकी एक सांगलीची.

अँटिग्वात वगळलेलं नाव

२२ नोव्हेंबर २०१८. अँटिग्वा बेटावर महिलांच्या ट्वेंटी-२० विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर इंग्लंड. भारताने साखळीतले चारही सामने जिंकले होते. पहिल्याच सामन्यात हरमनप्रीत कौरने न्यूझीलंडविरुद्ध ५१ चेंडूंत १०३ धावा केल्या. आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० मध्ये भारतीय स्त्रीचं ते पहिलं शतक. पाकिस्तान आणि आयर्लंडविरुद्ध मिताली राजने लागोपाठ दोन अर्धशतकं काढली. दुखापतीमुळे ती ऑस्ट्रेलियाविरुद्ध बसली. तिच्याशिवाय संघ ४८ धावांनी जिंकला, स्मृती मानधनाने ८३ धावा केल्या. उपांत्य सामन्यापर्यंत मिताली बरी झाली होती. तरी तिला घेतलं नाही, ऑस्ट्रेलियाला हरवणारा संघच कायम ठेवायचं ठरलं. त्या दिवशी भारताचा डाव दोन बाद ८९ वरून सर्वबाद ११२ असा कोसळला आणि इंग्लंडने आठ गडी राखून सामना घेतला.

कोच होते रमेश पोवार. रंगीत चष्मा लावून चेंडूला निवांत उंची देणारा मुंबईचा हा ऑफस्पिनर भारताकडून दोन कसोटी आणि ३१ एकदिवसीय सामने खेळला होता. महिला संघाची जबाबदारी त्यांच्याकडे जेमतेम चार महिन्यांपूर्वी आली होती आणि करार ३० नोव्हेंबरला संपणार होता. त्यांच्या आधीचे बडोद्याचे तुषार आरोठे यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला होता. त्यांच्या कामाच्या पद्धतीवर नाराज झालेल्या काही खेळाडूंनी मंडळाकडे तक्रार केली होती. म्हणजे एकाच वर्षात या संघाने दोन्ही टोकं पाहिली. जुलैत खेळाडूंच्या शब्दावर एक कोच गेला, आणि डिसेंबरात खेळाडूंच्या शब्दाने दुसरा राहील का, हा प्रश्न उभा राहिला.

पराभवानंतर मितालीने भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे मुख्य कार्यकारी राहुल जोहरी आणि महाव्यवस्थापक सबा करीम यांना पत्र लिहिलं. पोवार आपला अपमान करत होते, नेट्समध्ये इतरजणी खेळत असताना ते थांबत आणि आपली पाळी आली की निघून जात, बोलायला गेलं तर फोनमध्ये पाहत पुढे चालू लागत, असं तिने लिहिलं. मंडळाचा कारभार पाहणाऱ्या प्रशासक समितीच्या सदस्य डायना एडलजी यांनी आपल्याविरुद्ध पद वापरल्याचा आरोपही त्यात होता. पोवार यांनी आपल्या अहवालात उलट बाजू मांडली: मितालीला सांभाळणं अवघड जात होतं, सलामीलाच खेळण्याचा तिचा हट्ट होता, तिने सोडून जाण्याची धमकी दिली. तिला वगळण्यामागे धावांची गती आणि जिंकलेला संघ न मोडणं ही कारणं होती, असं त्यांचं म्हणणं. पत्र आणि अहवाल दोन्ही फुटले, वर्तमानपत्रांतून गाजले. तो दिवस आपल्या आयुष्यातला सर्वांत काळा असल्याचं मितालीने जाहीरपणे म्हटलं. पोवार यांचा करार ठरल्याप्रमाणे संपला.

आणि मग ३ डिसेंबरला ट्वेंटी-२० संघाची कर्णधार हरमनप्रीत आणि उपकर्णधार स्मृती या दोघींनी मंडळाला वेगवेगळी पत्रं लिहून पोवार यांना ठेवण्याची विनंती केली. हरमनप्रीतने मुदतही सुचवली: निदान २०२१ पर्यंत.

स्तुती आणि जबाबदारी

हरमनप्रीतच्या पत्राची तेव्हा जी चर्चा झाली ती बहुतेक त्यातल्या स्तुतीची होती. पोवार यांनी संघाचा चेहरामोहरा बदलला, तंत्र आणि डावपेच दोन्हींत सुधारणा केली, पुढचा विश्वचषक पंधरा महिन्यांवर आहे, न्यूझीलंडचा दौरा तोंडावर आहे, मग आता बदल कशाला, असं तिचं म्हणणं. कुठलीही कर्णधार आपल्या पसंतीच्या कोचबद्दल असंच लिहील. त्याची किंमत साक्षीदाराच्या चांगुलपणाच्या दाखल्याइतकीच.

मोलाचा भाग पुढे होता. मितालीला वगळण्याचा निर्णय एकट्या पोवार यांचा नव्हता, असं हरमनप्रीतने नोंदवलं. आपण स्वतः, स्मृती, निवड समितीच्या सुधा शाह आणि कोच यांनी मिळून, व्यवस्थापकांच्या उपस्थितीत, जिंकलेला संघ ठेवायचं ठरवलं. सामन्यानंतर लगेचही निर्णयाचा पश्चात्ताप नसल्याचं तिने सांगितलं होतं. पण दहा दिवसांनी देशभर टीका चालू असताना, कोचचा करार संपून गेल्यावर, वगळलेली खेळाडू भारतीय क्रिकेटमधल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक असताना, स्वतःच्या सहीने ‘तो निर्णय माझाही होता’ असं लिहिणं वेगळं. यात तिला मिळण्यासारखं काही नव्हतं. गप्प राहिली असती, तर सगळा दोष जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर राहिला असता आणि तिची कर्णधारपदाची खुर्ची अधिक सुरक्षित झाली असती.

खेळाडूंनी कोचची उघड बाजू घेतली की ऐकणाऱ्याने एवढंच शोधावं असं मला वाटतं: बोलणारा आपल्या अंगावर काय घेतो आहे? ‘सर महान आहेत’ या वाक्यात बोलणाऱ्याचं काहीच जात नाही. ‘सरांनी सांगितलेलं आम्ही मैदानात केलं नाही’ किंवा ‘तो निर्णय आमचाही होता’ या वाक्यात जातं. आपल्याकडे गुरूची थोरवी गाण्याची सवय जुनी आहे, आणि शिवाजी पार्कावर रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली तयार झालेल्या पिढ्यांनी ती थोरवी प्रामाणिकपणे गायली. पण आचरेकर सरांच्या निवडीला उत्तर द्यायला कुठली समिती बसलेली नव्हती. आजचा कोच पगारी आहे, मुदतीच्या करारावर आहे, त्याचं मूल्यमापन होतं. त्याच्याबद्दल थोरवीची भाषा फारशी कामाची नाही, जबाबदारीची वाटणी कामाची आहे.

क्रिकेटमध्ये तर ही वाटणी बाहेरून दिसतच नाही. चेंडू टाकला जात असताना कोच सीमारेषेबाहेर असतो. गोलंदाजीतला बदल, क्षेत्ररचना, फलंदाजीचा क्रम बदलण्याची खूण, हे सगळं कर्णधार करते. संघनिवड दौऱ्यावर असलेली निवड समितीची व्यक्ती, कोच, कर्णधार, उपकर्णधार मिळून करतात. बंद खोलीतल्या त्या चार-पाच जणांत कुणी काय म्हटलं, हे त्यांच्याशिवाय कुणालाच कळत नाही. हरल्यावर मात्र नाव घ्यायला सर्वांत सोपा माणूस कोचच. त्याला बॅट हातात घेऊन पुढच्या सामन्यात उत्तर देता येत नाही. म्हणून त्या खोलीत बसलेल्या खेळाडूने बोलणं आवश्यक असतं.

कोच नाराज होईल म्हणून खेळाडू त्याच्याबद्दल चांगलं बोलतात, या आक्षेपात तथ्य आहे. मरोळच्या टर्फवरच्या पोरालाही पुढच्या रविवारी खेळायचं असतं. पण ही भीती जिथे लागू नाही, तिथे तरी आक्षेप मागे घ्यायला हवा. ३ डिसेंबर २०१८ रोजी पोवार हे कुणाला संघात घेण्याच्या किंवा काढण्याच्या स्थितीत नव्हते. ज्याच्याकडे देण्यासारखं काही उरलेलं नाही, त्याच्या बाजूने बोलणाऱ्याला निदान लाचार तरी म्हणता येत नाही.

जे त्या पत्राला सांगता येत नव्हतं

तरीही ते पत्र अर्धंच उत्तर होतं, आणि याची जाणीव न ठेवता त्याचं कौतुक केलं तर मितालीवर अन्याय होईल.

तिच्या पत्रात दोन तक्रारी एकात एक अडकलेल्या होत्या. एक, मला वगळलं. दोन, मला वाईट वागवलं. पहिली तक्रार क्रिकेटची. त्या निर्णयात सामील असलेल्या प्रत्येकीला तिच्यावर बोलण्याचा अधिकार होता. मितालीनेही हरमनप्रीतशी आपलं वैर नाही, फक्त कोचच्या निर्णयाला तिने दिलेला पाठिंबा आपल्याला कळला नाही, असं लिहिलं होतं. दुसरी तक्रार मात्र दोन माणसांमधल्या वागणुकीची. नेट्समध्ये आपली पाळी येताच कोच पाठ फिरवून जातो, हे ज्याच्या वाट्याला येतं त्यालाच जाणवतं. शेजारच्या नेटमध्ये खेळणाऱ्या, कोचचं पूर्ण लक्ष मिळणाऱ्या खेळाडूला ते दिसेलच असं नाही. तिने कितीही खऱ्या मनाने ‘सर माझ्याशी चांगले वागले’ म्हटलं, तरी त्यातून ‘सर तिच्याशीही चांगले वागले’ हे निघत नाही.

कोचिंगचं स्वरूपच असं आहे की एकच माणूस एकाच संघात दोघांसाठी दोन माणसं असतो. ज्याला तो मोकळीक देतो, त्याला तो आयुष्य बदलणारा वाटतो. ज्याची जागा काढून घेतो, त्याला निष्ठुर. दोघंही खरं सांगत असतात. मग बहुमताने प्रश्न सुटत नाही. चौदाजणी खूश आणि एक दुखावलेली असेल, तर त्या चौदांच्या साक्षींची बेरीज करून पंधरावीची साक्ष खोडता येत नाही. तिच्या तक्रारीची वेगळी चौकशी करावी लागते, ती करणारा माणूस या भांडणाबाहेरचा असावा लागतो. इथेच प्रकरण बिघडलं.

चर्चगेटचं कार्यालय

मरोळ नाक्यावरून आता भुयारी मेट्रो थेट चर्चगेटला जाते. २०१८ मध्ये ती नव्हती; पण वानखेडे स्टेडियमच्या आवारातलं मंडळाचं कार्यालय तेव्हाही तिथेच होतं, आणि तिथे बसणाऱ्या प्रशासक समितीत त्या वेळी दोनच माणसं उरली होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये चौघांची समिती नेमली, पण रामचंद्र गुहा आणि विक्रम लिमये बाहेर पडले. राहिले अध्यक्ष विनोद राय आणि डायना एडलजी. दोघांचं एकमत झालं नाही, तर तिसरं मत द्यायला कुणी नव्हतं.

एकमत झालंच नाही. खेळाडूंना कोच हवा असेल तर तो राहू द्यावा, असं एडलजी यांचं म्हणणं होतं. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. जून २०१७ मध्ये पुरुषांच्या संघाचे कोच अनिल कुंबळे पायउतार झाले, तेव्हा कर्णधार विराट कोहलीला त्यांच्या पद्धतीबद्दल आक्षेप असल्याचं कुंबळे यांनी स्वतः जाहीर केलं होतं. सचिन तेंडुलकर, सौरव गांगुली आणि व्हीव्हीएस लक्ष्मण यांच्या समितीने निवडलेला कोच कर्णधाराच्या नापसंतीने गेला. पुरुष कर्णधाराला कोच नको तर तो जाणार आणि महिला कर्णधाराला कोच हवा तर तिचं पत्र बाजूला पडणार, हे कसं, असा एडलजी यांचा सवाल होता. त्याला समाधानकारक उत्तर नव्हतं.

पण प्रश्न बरोबर असला, तरी तो विचारणारी व्यक्ती अडचणीत होती. मितालीच्या पत्रात एडलजी यांच्यावरच आरोप होता. ज्याच्यावर आरोप आहे त्याने त्याच प्रकरणात कोचची बाजू लावून धरली, की खेळाडूंच्या प्रामाणिक पत्रालाही गटबाजीचा वास येऊ लागतो. शेवटी कपिल देव, अंशुमन गायकवाड आणि शांता रंगस्वामी यांच्या तात्पुरत्या समितीने मुलाखती घेतल्या. पोवार पुन्हा उमेदवार होते. पहिली पसंती गॅरी कर्स्टन यांना होती, पण बंगळुरूच्या आयपीएल संघाचं काम त्यांना सोडायचं नव्हतं, तेव्हा डब्ल्यू. व्ही. रामन यांची निवड झाली. मितालीचं पत्र आणि कर्णधार-उपकर्णधारांची पत्रं, या सगळ्यांना मंडळाने उत्तर दिलं ते एवढंच: माणूस बदलला.

इथे कुणी म्हणेल, खेळाडूंनी कोच ठरवायचा नसतोच, तर झालं ते योग्यच झालं. खेळाडूंनी कोच ठरवू नये हे मलाही मान्य आहे. तारांकित खेळाडूंच्या मर्जीवर कोच येऊ-जाऊ लागला, तर तो कुणालाही बसवण्याची हिंमत करणार नाही, आणि ज्या संघात कुणालाच बसवता येत नाही त्याचा कोच फक्त शंकू मांडण्यापुरता उरतो. पण ठरवणं आणि ऐकणं यांत फरक आहे. साक्षीदाराने निकाल द्यायचा नसतो म्हणून न्यायालय त्याची साक्ष घेणं बंद करत नाही. मंडळाने हरमनप्रीतला समोर बसवून विचारायला हवं होतं की निर्णय चौघांचा होता तर मितालीला तो कुणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगितला? त्या एका उत्तरातून निवड आणि वागणूक या दोन तक्रारी वेगळ्या झाल्या असत्या.

पुढे जे घडलं, त्याने दोन्हीकडच्या ठाम मंडळींना थोडं थांबायला लावावं. रामन यांच्या काळात संघ मार्च २०२० मध्ये मेलबर्नला ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम फेरीत गेला. ८६,१७४ प्रेक्षकांसमोर ऑस्ट्रेलियाकडून हरला. तरी मे २०२१ मध्ये मदनलाल यांच्या समितीने रामन यांच्या जागी पुन्हा पोवार यांना आणलं. मधल्या काळात त्यांच्या हाताखाली मुंबईच्या पुरुष संघाने विजय हजारे करंडक जिंकला होता. त्या वेळी कसोटी आणि एकदिवसीय संघाची कर्णधार होती मिताली राज. भूतकाळात राहता येत नाही, असं म्हणून ती कामाला लागली. २०२२ च्या न्यूझीलंडमधल्या विश्वचषकापर्यंत दोघांनी एकाच ड्रेसिंग रूममध्ये काम केलं. जूनमध्ये ती निवृत्त झाली, डिसेंबरात पोवार राष्ट्रीय अकादमीत गेले. २०१८ च्या मथळ्यांवरून हे नातं कायमचं तुटल्यासारखं वाटलं होतं.

एक सामूहिक सही

खेळाडूंच्या पत्राचं दुसरं टोक अमेरिकेत दिसतं. तिथे विद्यापीठांचं फुटबॉल हा खेळ कमी आणि प्रांताप्रांतांचा अभिमान अधिक. तिथल्या कित्येक राज्यांत सरकारी पगारावरचा सर्वांत महाग माणूस म्हणजे राज्य विद्यापीठाचा फुटबॉल कोच. अठरा-वीस वर्षांच्या खेळाडूचं मैदानावरचं स्थान, शिष्यवृत्ती, पुढे व्यावसायिक संघाकडे जाण्याची वाट, सगळं त्याच्या हातात. मैदानावरची प्रत्येक चालही बहुतेकदा बाहेरून, कोचच्या ताफ्याकडून येते. तिथे खेळाडूंनी कोचची बाजू घेतली की भीतीचा आक्षेप क्रिकेटपेक्षा कितीतरी जड होतो.

जुलै २०२३ मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हेच झालं. पॅट फिट्झजेराल्ड हे तिथले स्वतः एके काळचे नामांकित खेळाडू आणि २००६ पासूनचे मुख्य कोच. संघात नव्या मुलांचा छळ, तोही लैंगिक स्वरूपाचा, होत असल्याच्या तक्रारीवर चौकशी झाली. अकरा आजी-माजी खेळाडूंनी छळ झाल्याला दुजोरा दिल्याचं विद्यापीठाच्या अध्यक्षांनी सांगितलं. आधी कोचला दोन आठवड्यांचं निलंबन झालं. विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात माजी खेळाडूंनी सांगितलेला तपशील आला. लगेच संघाच्या नावाने एक पत्र निघालं: आरोप वाढवून, पिळून मांडलेले आहेत, आमचे कोच असे नाहीत. त्याखाली कुणा एकाचं नाव नव्हतं. सही होती ‘संपूर्ण संघा’ची. १० जुलैला फिट्झजेराल्ड यांना काढण्यात आलं. ऑगस्टमध्ये सरावाला कोचच्या ताफ्यातल्या काहींनी संघाविरुद्ध सगळं जग उभं असल्याच्या आशयाचे आणि फिट्झजेराल्ड यांचा जुना ५१ क्रमांक असलेले शर्ट घातले, तेव्हा विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनीच ते असंवेदनशील असल्याचं म्हटलं.

हरमनप्रीतच्या पत्राशेजारी हे पत्र ठेवलं की फरक उघड दिसतो. इथे कुणीच काही अंगावर घेत नाही. आणि ‘संपूर्ण संघ’ असं म्हणताना ज्यांनी छळ सोसला त्यांनाही त्याच सहीत ओढून घेतलं जातं. दुखावलेल्या मुलाचा आवाज त्याच्याच सहकाऱ्यांनी झाकावा, यापेक्षा वाईट ते काय? एवढं सगळं खरं असूनही पत्रातला कोचविषयीचा भाग सरसकट खोटा होता असं म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ आणि फिट्झजेराल्ड यांच्यात तडजोड झाली. कुणी खेळाडूने छळाची गोष्ट त्यांच्या कानावर घातल्याचं किंवा त्यांनी तो खपवून घेतल्याचं पुराव्यातून सिद्ध झालं नाही, असं विद्यापीठाने त्या वेळी मान्य केलं. मुलांना आपल्या कोचबद्दल जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं असेलही. शेजारच्या लॉकरसमोर काय घडलं, हे मात्र त्यांनी नाकारायला नको होतं.

इंदूर ते नेरूळ

आता पुन्हा आपल्या संघाकडे. अमोल मुझुमदार २०२३ च्या ऑक्टोबरात भारतीय महिला संघाचे मुख्य कोच झाले. १७१ प्रथम श्रेणी सामन्यांत ११,१६७ धावा, आणि भारताची टोपी एकदाही नाही. १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रम शाळेसाठी ६६४ धावांची भागीदारी रचली, तेव्हा पॅड बांधून पुढची पाळी यायची वाट पाहत बसलेला मुलगा तो हाच. बाहेर बसणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

तरी त्यांनाही एकीला बसवावं लागलं. २०२५ च्या एकदिवसीय विश्वचषकात भारत विशाखापट्टणमला आधी दक्षिण आफ्रिकेकडून, मग ऑस्ट्रेलियाकडून हरला. पाचच गोलंदाज घेऊन खेळण्यावर टीकेची झोड उठली. १९ ऑक्टोबरला इंदूरमध्ये इंग्लंडविरुद्ध सहावा गोलंदाज हवा म्हणून जेमिमा रॉड्रिग्जला वगळलं. २८९ चा पाठलाग करताना स्मृती ८८ वर बाद झाली आणि हातातला सामना चार धावांनी गेला. सलग तिसरी हार. कोच, कर्णधार, संघनिवड यांतलं कुणीच टीकेतून सुटलं नाही.

त्या संध्याकाळी स्मृतीने पडझडीची सुरुवात आपल्या फटक्याने झाली, असं सांगून दोष स्वतःकडे घेतला. ड्रेसिंग रूममध्ये मुझुमदार कडक बोलले. या बैठकीबद्दल नंतर विचारलं गेलं तेव्हा हरमनप्रीत म्हणाली की ती स्वतः काहीच बोलली नाही, सरच बोलले, आणि ते मनापासून बोलतात हे ठाऊक असल्याने सगळ्यांनी ते चांगल्या अर्थाने घेतलं. सात वर्षांपूर्वी पत्रं लिहिणाऱ्या याच दोघी. एकीने चूक आपली म्हटली, दुसरीने कोचचा राग संघाचा मानला. मला यात २०१८ पेक्षा अधिक समजूत दिसते, कारण या वेळी कोचच्या गुणांची यादी कुणी दिली नाही.

आणि वगळलेली? भांडुपमध्ये जन्मलेली जेमिमा पुढच्याच सामन्यात, नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध, तिसऱ्या क्रमांकावर येऊन नाबाद ७६ धावा करून गेली. ३० ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांच्या पाठलागात पुन्हा तिसऱ्या क्रमांकावर, जी जागा तिला मैदानात उतरण्याच्या काही मिनिटं आधी कळली होती, तिने नाबाद १२७ धावा केल्या. त्यानंतर पत्रकारांसमोर ती रडली. स्पर्धेत रोज येणारी चिंता, वगळल्याचा धक्का, आईला फोन करून रडणं, सांभाळून घेणाऱ्या मैत्रिणी, सगळं तिने सांगितलं. कोचविरुद्ध तक्रारीचा शब्द नव्हता. पण तिला हे बोलता आलं ते १२७ धावांनंतर, याचा विचार मनातून जात नाही. ती त्या दिवशी सात धावांवर बाद झाली असती, तर वगळल्याचं दुःख सांगायला तिला कुठली खोली मिळाली असती? प्रत्येक दौऱ्यानंतर, हरल्या-जिंकल्याचा विचार न करता, निवडीशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाने पंधराही जणींशी एकेक करून बोलावं, ही साधी सोय झाली, तर कर्णधारांना पत्रं लिहावी लागणार नाहीत आणि वगळलेलीला वर्तमानपत्रांची वाट पाहावी लागणार नाही. मरोळच्या टर्फवर हेच काम एखादी समंजस आई खुर्ची थोडी पुढे सरकवून, बेंचवरच्या पोराला पाणी देता देता करू शकते.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री, त्याच मैदानावर, भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. हरमनप्रीत मुझुमदार यांच्याकडे गेली, वाकून पायांना हात लावला आणि मग मिठी मारली. त्यानंतर मैदानाला फेरी मारताना संघ चषक घेऊन सीमारेषेकडे गेला. तिथे समालोचनासाठी आलेल्या जुन्या खेळाडू उभ्या होत्या. झुलन गोस्वामी होती, अंजुम चोप्रा होती, मिताली होती. चषक त्यांच्या हातात दिला गेला, आणि मितालीने तो वर उचलला.